आधी आंबा जेवतो

गावच्या घरी मागल्या दारी एक रायवळ आंबा आहे. कोणी लावला ते घरात कोणालाच माहीत नाही, बहुतेक कोणी लावलाच नसणार, कुणीतरी चोखून टाकलेल्या बाठ्यातून आपला आपण आला असणार. आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणीही तो एवढाच होता. मी आणि माझा भाऊ दोघांनी दोन बाजूंनी हात पसरून मिठी मारली तरी आमची बोटं एकमेकांना लागत नाहीत. आणि त्याच्याखाली, विहिरीकडे जाणारी पायवाट सोडून जेवढी म्हणून जागा आहे तेवढ्यात आईची फुलं. सोनटक्का, अबोली, पांढरी कोरांटी, पावसाळी लिलीचा एक लांबट पट्टा, आणि अगदी गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून भुईचाफा. आई लग्न होऊन आली तेव्हा तिथे नुसता पातेरा, म्हणजे गळलेला पालापाचोळा, असायचा म्हणे. ही सगळी बाग तिने चाळीस वर्षांत एकेक कांडी, एकेक कंद मागून आणून केलेली आहे, त्यातली एकही गोष्ट नर्सरीतून विकत आणलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी आईचे गुडघे फारच दुखायला लागले, खाली बसणं बंद झालं, आणि मी म्हटलं की बागेचं आता मी बघते. मी ठाण्यात राहते, महिन्यातून एकदा, कधी दोनदा गावी येते. आणि मला झाडांतलं कळतं असं मला मनापासून वाटायचं, कारण माझ्या बाल्कनीतल्या कुंड्या खरंच छान आहेत, दर पंधरा दिवसांनी मोजून खत, वेळेवर पाणी, जास्वंद तर बारा महिने फुललेली. तेव्हा तोच हिशोब मी आंब्याखाली लावला. दाणेदार 15:15:15 ची, म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) सारख्याच मापाने असलेल्या खताची, पिशवी आणली, थोडा युरिया आणला, आणि आषाढापासून दर फेरीला प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी मूठ मूठ टाकत गेले. दिवाळीपर्यंत. मधल्या दिवसांत पाणी घालायला एक बाई ठेवल्या होत्या, त्यांना सांगून ठेवलं की पाऊस थांबला की रोज पाइप सोडा, फुलझाडं तहानलेली राहता कामा नयेत.

काय झालं ते लिहिते. सोनटक्का माणसाच्या उंचीचा झाला, गर्द हिरवा, पानं हातभर लांब, आणि फुलं नेहमीच्या निम्मी पण नाहीत, शिवाय एका जोराच्या सरीत सगळे दांडे आडवे. अबोलीच्या पानांच्या कडा करपल्या, जणू कोणी उदबत्ती लावून फिरलंय. लिलीला काही म्हणजे काहीच फरक नाही. कोरांटी होती तशीच पिवळट. मला कळेचना की एवढं खत गेलं कुठे, आणि जिथे गेलं तिथे करपलं का आणि जिथे नाही गेलं तिथे पिवळं का.

आणि मग डिसेंबरमध्ये आले तर आंबा तांबूस, कोवळ्या पालवीने नुसता भरलेला. दिसायला फार सुंदर दिसत होता, मी खाली उभी राहून फोटो पण काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आई पडवीत बसली होती. ती म्हणाली, "डिसेंबरात पालवी म्हणजे मोहोर नाही गो यंदा." एवढंच. ओरडली नाही, काही नाही. त्या वर्षी आमच्याकडे लोणच्यापुरत्या कैऱ्या पण झाल्या नाहीत. रायवळ तसेही एकाआड एक वर्ष धरतात, त्यामुळे सगळा दोष माझ्या खताला मी देत नाही, पण आंब्याचं गणित आता मला माहीत आहे. पाऊस गेला की आंब्याला कोरडेपणा लागतो, जमीन सुकते, झाड वाढ थांबवतं, काडी जून होते आणि जून काडीलाच मोहोर येतो. ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये कोणी त्याला नत्र आणि पाणी देत राहिलं तर तो पालवी काढत राहतो, आणि कोवळ्या काडीला मोहोर येत नाही. हापूसवाले म्हणूनच खत मिरगाच्या, म्हणजे जूनमधल्या मृग नक्षत्राच्या, सुमाराला देतात आणि पाऊस संपला की मोहोर येईपर्यंत मोठ्या कलमांना पाणी दाखवत नाहीत. मी फुलांना घातलं असं मला वाटत होतं. जेवला आंबा.

"आधी आंबा जेवतो, उरलं तर सोनटक्का," हे आईचंच वाक्य, तिने ते मला नंतर सांगितलं, आणि मला राग आला की हे आधी का नाही सांगितलं. ती म्हणाली, तू विचारलंस कुठे. खरं आहे, नव्हतं विचारलं.

मग मी एकदा खुरपं घेऊन बसले आणि सोनटक्क्याच्या बाजूची वीतभर माती हळूहळू उकरून बघितली. वर दोन बोटं भुसभुशीत, आणि त्याखाली आंब्याची मुळं, सुतळीसारखी, काही तर दोऱ्यासारखी बारीक, एकमेकांत गुंतून अक्षरशः चटई झालेली. मला लहानपणापासून वाटायचं की मोठ्या झाडाची मुळं खूप खोल जातात, वरती काय चाललंय त्याच्याशी त्यांना काय घेणंदेणं. काही मुळं जातातही खोल, झाडाला धरून ठेवायला. पण खाणारी मुळं, म्हणजे ज्यांनी झाड अन्नपाणी ओढतं ती बारीक मुळं, बहुतेक सगळी वरच्या फूट दीड फुटातच असतात, आणि पसरतात तर किती, फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर कितीतरी लांब. म्हणजे आईची फुलं आंब्याखाली नाहीतच, ती आंब्याच्या ताटात बसलेली आहेत. तिथे पडलेला प्रत्येक दाणा आधी त्याच्या मुळांना मिळणार, कारण मुळं त्याची लाखो आणि अबोलीची मूठभर.

एक उपाय मला सुचला होता, तोही सांगते. कुंड्या. म्हटलं फुलं कुंडीत लावू आणि कुंड्या आंब्याखाली ठेवू, म्हणजे खत ज्याचं त्यालाच. चार मोठ्या कुंड्यांत कोरांटी लावली. पुढच्या पावसाळ्यानंतर एक कुंडी सरकवायला गेले तर ती हलेना. खालच्या भोकातून आंब्याचं मूळ आत शिरलेलं, आणि कुंडी उपडी केली तर तळाशी त्याच्याच मुळांचं जाळं. ओल आणि अन्न जिथे, तिथे तो वर चढून पण येतो. मला ते बघून वाईट वाटायच्या ऐवजी फार आदर वाटला, खरंच. आता त्या कुंड्या चिऱ्यांवर ठेवल्यात, खालून हवा खेळेल अशा, आणि तेवढं पुरतं.

पाण्याचं पण तसंच आहे. आमच्या रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे पाणी कमी पडेल असा विचारच कोणी करत नाही, पण जूनच्या पहिल्या हलक्या सरी आंब्याखाली जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, पानांवरच अडकतात आणि तिथूनच उडून जातात. बाहेर अंगण चिखल झालेलं असतं आणि आत पातेऱ्याखाली माती कोरडी, हात घालून बघा. खत त्या कोरड्या मातीत पडलं की मुळांशी क्षार साचतात आणि ते मुळांतलं पाणीच ओढून घेतात, अबोलीच्या कडा करपल्या त्या अशा. आणि मग आषाढात जेव्हा धो धो लागतो तेव्हा बरोबर उलटं, युरिया घातला की दोन दिवसांत वाहून खाली. आमची जांभ्याची माती तशी भोकाभोकांची, धरून ठेवत नाही काही. त्यात आम्लधर्मी, लोह भरपूर, त्यामुळे स्फुरद घातलं की ते त्या लोहाला चिकटून बसतं आणि झाडाला मिळतच नाही पटकन. शिवाय मातीतल्या ज्या बुरशा मुळांना चिकटून लांबलांबून स्फुरद आणून देतात, त्या जास्त स्फुरद घातलं की मागे पडतात. म्हणजे मी मूठ मूठ टाकत होते त्यातलं थोडं वाहिलं, थोडं मातीने धरलं, बरंचसं आंब्याने खाल्लं, आणि जिथे बुंध्याशी ढीग पडला तिथे फुलझाड करपलं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट मला सावलीची वाटते, आणि ती मला सगळ्यात उशिरा कळली. झाडाची भूक उन्हावर ठरते. माझी बाल्कनी पश्चिमेची, दुपारपासून संध्याकाळपर्यंत ऊन, तिथली जास्वंद जेवढं द्याल तेवढं पचवते. आंब्याखाली सकाळी दोन तास तिरपं ऊन येतं आणि दिवसभर कवडसे. तिथलं झाड तेवढं अन्न तयारच करू शकत नाही तर त्याला नत्र वाढून काय होणार, ते नुसतं लांब होतं, मऊ होतं, पानं काढतं आणि पडतं. सोनटक्क्याने तेच केलं. त्याला भूक नव्हती, मी भरवत होते. आईने कधी कुठलं पुस्तक वाचलेलं नाही या विषयावर, पण ती सावलीतल्या झाडाला "हे कमी जेवणाऱ्यातलं" म्हणते, आणि तसंच वाढते.

आई काय करायची ते मी आता नीट विचारून वहीत लिहून घेतलंय. मुळात ती पातेरा झाडून टाकायची नाही. आमच्याकडे फाल्गुनात सगळे पातेरा गोळा करतात, राब भाजायला (भाताच्या रोपांची जमीन भाजायला), नाहीतर नुसता एका कोपऱ्यात पेटवून द्यायला. आई अंगणातला झाडते आणि तो उचलून आंब्याखालीच आणून टाकते. आंब्याचं पान चिवट, कुजायला वेळ लागतो, एक पावसाळा पुरत नाही. मी पहिल्या वर्षी हुशारी केली, तो अर्धवट कुजलेला पातेरा खुरप्याने मातीत मिसळला, लवकर खत होईल म्हणून, आणि कोरांटी आणखी पिवळी पडली. कारण झाड पान टाकायच्या आधी त्यातलं नत्र, स्फुरद, पालाश बरंचसं परत ओढून घेतं, गळलेल्या पानात उरतं ते मुख्यतः कर्ब आणि चुना. असं कोरडं पान मातीत पुरलं की ते कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी मातीतलंच नत्र वापरतात आणि फुलझाड उपाशी. वर पसरलेलं असलं की तसं होत नाही, ते खालून खालून हळू कुजतं, ओल धरतं, तण येऊ देत नाही, आणि त्यातला चुना आमच्या आंबट मातीला चांगलाच. शिवाय खुरप्याने आंब्याची किती बारीक मुळं तुटली असतील ते वेगळंच. आता मी खणत नाही. नवीन कंद लावायचा तर मुळांच्या मधली जागा बोटाने चाचपून तेवढीच मूठभर माती काढते, जाड मूळ लागलं की बाजूला सरकते.

दुसरं म्हणजे राख आणि शेणखत. चुलीची राख आई कार्तिकानंतर टाकायची, अगदी चिमूट चिमूट भुरभुरून, शेणखत मात्र मिरगानंतर. दोन्ही एकत्र कधीच नाही. मी विचारलं का, तर म्हणाली वास येतो. तो वास अमोनियाचा. राख शेणात किंवा युरियात मिसळली की नत्र वायू होऊन उडून जातं, म्हणजे जे नाकाला लागतं तेच आपलं खत. मला हे वाचून समजलं, तिला नाकाने.

माझं आताचं वेळापत्रक अगदी साधं आहे, कोणाला उपयोग होईल म्हणून सांगते. जूनच्या मध्यावर, दोन तीन मोठे पाऊस होऊन आतली माती खरंच भिजली की, जुना पातेरा थोडा बाजूला करायचा आणि पूर्ण कुजलेलं शेणखत वरून पसरायचं, साधारण 10 चौरस फुटाला एक घमेलं, थर अर्ध्या इंचाच्या वर नाही. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. पेंड हळू विरघळते, नत्र पटकन वाहून जाऊ देत नाही (2015 पासून आपल्याकडे सगळा युरियाच कडुनिंबाचं तेल लावून विकतात त्यामागे हेही एक कारण) आणि अबोलीच्या मुळांना सूत्रकृमीच्या (मातीतल्या अगदी बारीक जंतांच्या) गाठी येतात त्यालाही तिचा उपयोग होतो. मग परत पातेरा वर. खत बुंध्याशी ढीग करून कधीच नाही, आणि आंब्याच्या खोडापासून चार फूट तरी लांब. श्रावणात उघडीप मिळाली की परत निम्म्या मापाने एकदा. आणि ज्या झाडाला खरंच गरज दिसेल, म्हणजे पानं फिकी पडलीयत, त्यालाच गणपतीच्या सुमाराला 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत एक लिटर पाण्यात 2 ग्रॅम, सकाळी लवकर पानांवर फवारा. पानातून दिलेलं निदान आंब्याला आधी मिळत नाही. दसरा झाला की सगळं बंद.

आणि इथेच आमचं, म्हणजे माझं आणि आईचं, अजून जमलेलं नाही. कारण अबोलीला बंद चालत नाही. सोनटक्का दसऱ्यानंतर मागे जातो, लिली झोपते, भुईचाफ्याची पानं वाळून जमिनीत गडप होतात, कोरांटी थंडीत फुलते पण तिला पाणी फार लागत नाही. अबोली मात्र बारमाही, थंडीत आणि उन्हाळ्यात पाणी नाही मिळालं तर वाळते. आणि आंब्याला नेमकं तेव्हाच पाणी नको. माझं म्हणणं होतं की अबोली सगळी उचलून विहिरीच्या पलीकडे, सकाळचं ऊन येतं तिथे लावू, तिथे ती जास्त फुलेल पण. आईचं म्हणणं, ती तिथेच राहू दे. का तर पडवीत बसलं की ती दिसते. आता गुडघ्यांमुळे आई विहिरीपर्यंत जात नाही, पलीकडे फुललेली अबोली तिच्यासाठी नसल्यासारखीच. मी बरेच दिवस आंब्याचा विचार करत होते, मोहोराचा, मुळांचा, आणि आई फक्त पडवीतून दिसणाऱ्या रंगाचा विचार करत होती, आणि खरं सांगायचं तर बाग तिची आहे. शेवटी निम्मी अबोली हलवली, निम्मी पडवीसमोर ठेवली. तिला पाइप नाही, एकेका झाडाला एकेक तांब्या, दोन दिवसांआड, हाताने. एवढ्याने आंब्याला फारसं काही होत नाही. पाणी घालणाऱ्या बाईंना हे कटकटीचं वाटतं, पण त्या घालतात, आणि आईशी गप्पा मारत घालतात.

एक गोष्ट मात्र पोटतिडकीने सांगायचीय. वाडीत एका घरी आंब्याभोवती सुंदर चिऱ्यांचा पार बांधला, आत तीन फूट चांगली तांबडी माती भरली आणि त्यावर फुलं लावली, खत भरपूर. पहिली दोन वर्षं फुलं अशी होती की लोक फोटो काढायला थांबायचे. मग आंब्याचा एका बाजूचा शेंडा वाळला, मग दुसरा, आणि पाच वर्षांत झाड उभ्याउभ्या गेलं. मुळांना हवा लागते, ती मातीखाली दाबली गेली की गुदमरतात, आणि खोडाची साल कायम ओल्या मातीत राहिली की कुजते. त्या घरच्यांनी प्रेमानेच केलं होतं ते सगळं. मला तो वाळलेला आंबा बघवत नाही. तुमच्याकडे मोठं झाड असेल आणि त्याखाली फुलं लावायची असतील तर कृपा करून मातीची भर टाकू नका, बुंधा जिथे रुंद होऊन जमिनीत शिरतो तो भाग उघडा दिसला पाहिजे.

गेल्या पावसात मी भुईचाफ्याला पहिल्यांदा मुद्दाम शेणखत दिलं. त्याचं असं आहे की त्याचं फूल येतं तेव्हा झाड नसतंच. चैत्र वैशाखात, सगळं करपलेलं असताना, पान नाही दांडा नाही, जमिनीतूनच जांभळट पांढरं फूल वर येतं, वासाचं. पानं नंतर, पावसात. त्यामुळे फूल बघून खत द्यायला गेलो तर उशीर झालेला असतो, ते फूल गेल्या श्रावण भाद्रपदात पानांनी कंदात साठवलेल्यावर आलेलं असतं. मी ऑगस्टमध्ये पानांच्या भोवती दोन दोन मुठी टाकलं, वर पातेरा ओढला आणि विसरून गेले.

एप्रिलमध्ये गावी गेले तर पिशव्या ठेवायच्या आधीच आईने पडवीतून हाक मारली. म्हणाली, "गडग्याकडे जाशील तर बघून जा, पातेरा हाताने बाजूला कर आधी, पायाखाली येतील. रात्री इथपर्यंत वास आला." मी वाकून पातेरा सारला. अकरा होती, आणि दोन अजून मातीतून निघत होती. मी एक तोडून तिला आणून दिलं. तिने ते केसांत नाही घातलं, तांब्यात पाणी घेऊन त्यात ठेवलं, आणि विचारलं की अबोलीला आज पाणी घातलं का.